लीळाचरित्र : हरवलेल्या ग्रंथाचा पुनर्जन्म

तापी खोऱ्यातून येणारा लोहमार्ग आमच्या उधन्याला मुख्य मार्गास मिळतो. याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे गिरण्यांत आणि मागांवर कामासाठी गुजरातेत आली. येताना आपली मराठी घेऊन आली. साडेसातशे वर्षांपूर्वी मात्र एक प्रवास नेमका उलट दिशेने घडला होता. महानुभाव परंपरेनुसार श्रीचक्रधर हे भडोचच्या प्रधानाचे पुत्र. ते गुजरात सोडून वऱ्हाडात आले, रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंचा अनुग्रह त्यांना लाभला आणि पुढे त्यांनी मराठीतून निरूपण केले. मराठीतील आद्य गद्यचरित्राचा नायक असा आपल्या शेजारचा!

चक्रधरांच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमविल्या. म्हाइंभट संस्कृतचे पंडित. तरीही ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती मिळविली आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली. ग्रंथरचना मराठीतच व्हावी, असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. संस्कृतात लिहिले तर पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती.

परंतु चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडील फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. चीनमध्ये इ. स. ८६८ मध्येच 'वज्रसूत्र' लाकडी ठशांनी छापले गेले होते. तेथे एका ग्रंथाच्या अनेक प्रती एकदम निघू शकत. आपल्याकडे हाताने उतरलेली पोथी गेली, की ग्रंथच जाण्याचे भय. लीळाचरित्र वाचले ते शिष्यांच्या स्मरणामुळे. ज्याला जे आठवले ते त्याने पुन्हा लिहिले. म्हणूनच आज त्याचे वेगवेगळे पाठ आढळतात. अभ्यासकाला हे पाठभेद अडचणीचे वाटतात. मला मात्र ते निष्ठेच्या खुणा वाटतात. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. त्यामुळे ते सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेरील वाचकाला शतकानुशतके अपरिचितही राहिले. विसाव्या शतकात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा हे भांडार सर्वांना खुले झाले.

ग्रंथ जपणे आणि ग्रंथ वाचकाच्या हाती देणे, ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत. शंभर वर्षे ही दोन्ही सांभाळणाऱ्या या ग्रंथालयाला म्हणूनच आदरपूर्वक वंदन. आपल्या घरातील पुढची पिढी गुजराती आणि इंग्रजी शाळांत शिकते आहे. तिच्या हाती एक मराठी पुस्तक देणे, हे आता आपले काम आहे.