ओवीतला क्रूस

श्रोतेहो, राखेच्या बुधवारपासून ख्रिस्ती समाजाचा उपासकाळ सुरू होतो. दिवस चाळीस, मात्र मधले रविवार त्यात धरत नाहीत. गोव्यात याला करेज्म म्हणतात. शेवटच्या आठवड्यातल्या शुक्रवारी येशूला क्रुसावर दिले त्याचे स्मरण, आणि त्यानंतरच्या रविवारी ईस्टर. हा ईस्टर चंद्रावरून ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहायची आणि तिच्या पुढचा रविवार धरायचा. म्हणून आपल्याकडे तो फाल्गुन-चैत्रात मागेपुढे होत असतो.

येशूच्या यातनांची कथा मराठी ओवीत कशी आली, ते आज सांगावयाचे आहे. ती सुखासमाधानात आली नाही, हे आधीच सांगतो.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री गोव्यात उतरला. स्वतःच्या देशात त्याच्या पंथाला थारा नव्हता. त्याचा मित्र थॉमस पाऊंड धर्मापायी कित्येक वर्षे तुरुंगात खितपत पडला होता. छळ म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तो राहिला साष्टी प्रांतात, आणि साष्टीत तेव्हा काय चालले होते? १५४३ पासून प्रांत पोर्तुगीजांच्या हातात होता. १५६७ च्या सुमारास तिथली देवळे पाडली गेली. लोकांनी देव उचलले आणि नदीपार नेले. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच पाद्र्यांना ठार मारले. त्यांचे देह आणून पुरण्याच्या कामात स्टीफन्स होता. पुढे कुंकळ्ळीच्या मुखत्यारांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांची कत्तल केली. रक्त दोन्हीकडचे सांडले. पण सत्ता एकाच बाजूला होती, हे विसरून चालणार नाही.

जे बाटले त्यांची आणखी एक अडचण झाली. जुनी पुराणे वाचायला बंदी आली. संध्याकाळी चार माणसे जमवून ऐकायचे काय? स्टीफन्सच्या ग्रंथातच हा प्रसंग आहे. ऐकणाऱ्यांतला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग तसलेच एखादे पुराण आम्हांला का करून देत नाही? प्रश्न साधा, पण मला वाटते सगळा ग्रंथ या प्रश्नातून उभा राहिला.

आणि स्टीफन्स मराठी शिकला. कामापुरती नव्हे, चांगली मुरवून शिकला. ज्ञानेश्वरीची ओवी त्याने उचलली. शिक्षकबंधूंनी एक ध्यानात घ्यावे की पैठणचे एकनाथ महाराज १५९९ पर्यंत हयात होते. हा परदेशी त्यांचा समकालीन. १६१६ साली रायतूरला त्याचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्या! स्वर्गाला त्यात शब्द आला 'वैकुंठ'. दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे, आणि त्याच्या यातना व मरणही तिथेच.

आता ऐकणाऱ्याच्या जागी जरा बसून पाहा. हरिश्चंद्र स्मशानात राबला, पांडव वनात गेले, हे ऐकत वाढलेली ही माणसे. तिथे देवळात, म्हणजे इगर्जीत, रविवारी ओवी सुरू होते. एक निरपराध पुरुष. त्याच्या देशावर परक्यांचे राज्य. रोमचा सुभेदार पिलात याला त्याच्यात दोष दिसत नाही, तरी तो मृत्यूची आज्ञा देतो. शिपाई फटके मारतात, डोक्यावर काट्यांचा मुकुट घालतात, थट्टा करतात. खांद्यावर त्याचाच क्रूस, आणि शेवटी आई खाली उभी राहून पाहते आहे. कथा सांगणारा राज्यकर्त्यांच्या गलबतातून आलेला, आणि कथा मात्र राज्यकर्त्यांच्या हातून मेलेल्या माणसाची! ज्याच्या गावचा देव रातोरात नदीपार गेला, त्याला ही गोष्ट परकी वाटली नसावी. माझ्या मते म्हणूनच ती टिकली.

नाही तर टिकायचे कारण नव्हते. १६८३ मध्ये संभाजीराजांची फौज गोव्यावर चालून आली. दुसऱ्याच वर्षी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत सगळ्यांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. पण भाषा म्हणजे काही अंगरखा नव्हे, काढला आणि टांगला! १६४९ आणि १६५४ मध्येही हे पुराण पुन्हा छापले होते. पण या जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. हाताने उतरून घेतलेल्या पोथ्या तेवढ्या राहिल्या. त्यांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ते रोमन लिपीत छापले.

स्टीफन्सनेही रोमन लिपीतच छापले होते, कारण आपल्या अक्षरांचे खिळे त्याच्याजवळ नव्हते. देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी त्याने १६०८ साली आपल्या संघाच्या प्रमुखाकडे पत्र लिहून मागितली होती. देवनागरीत हे पुराण छापले शांताराम बंडेलू यांनी, पुण्यात, १९५६ साली. पत्र लिहिल्याला तेव्हा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.