मंठ्याच्या बाजारात गेम बॉय का आला नाही?

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला: 'मंठ्यात कुठं होते व्हिडिओ गेम?' होते ना! तुम्ही मराठवाड्यात लहानाचे मोठे झाला असाल तर आठवून बघा. जत्रेत फुगे आणि पिपाण्यांशेजारी, '9999 इन 1' असं छापलेल्या खोक्यातला तो डबा. दोन पेन्सिल सेल घातले की वरून ठोकळे पडायला लागायचे.

हा डबा समजून घ्यायला थोडं मागं जाऊ. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी 1980 मध्ये 'गेम अँड वॉच' काढला. कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेला एलसीडी पडदा त्यांनी खेळाला वापरला. जुनं, स्वस्त तंत्रज्ञान नव्या कामाला लावायचं, हे त्यांचं सूत्र. 1989 चा गेम बॉयही त्याच वाटेनं गेला. पडदा रंगीत नव्हता, पण चार सेलवर कितीतरी तास चालायचा. 1990 मध्ये आलेला सेगाचा गेम गिअर रंगीत होता. त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. जिंकला गेम बॉय. गेम बॉय कलर धरून जगभरात 11 कोटी 80 लाखांहून जास्त यंत्रं विकली गेली.

मग मंठ्यात का नाही? 'मागणी नव्हती', असं मीही पहिल्या आराखड्यात लिहिलं होतं. ते चूक आहे. मागणी नसती तर जत्रेतला डबा तरी कुणी घेतला असता? अडचण धंद्याच्या रचनेत होती. गेम बॉय एकदा घ्यायचा, पण कार्ट्रिज पुन्हा पुन्हा. त्यासाठी वितरक हवा, दुकान हवं आणि घरात वरचेवर मोकळा पैसा हवा. इथं पैसा यायचा कापूस विकल्यावर. शिवाय ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परवान्याचे निर्बंध पूर्ण उठायला 2001 उजाडलं.

चिनी डब्यानं योकोईंचंच सूत्र पुढं नेलं. खेळ आतल्या चिपमध्येच, कार्ट्रिजची भानगड नाही, पुढचा खर्च फक्त सेलचा. 9999 हा आकडा फसवा होता, मोजकेच खेळ वेग बदलून पुन्हा यायचे. पण एकदाच पैसे मोजणाऱ्या बापाला हा हिशोब पटायचा. पुढं 2003 चा नोकिया 1100 आला, त्यात 'स्नेक' होताच. मग वेगळं यंत्र कशाला घ्यायचं?

आता माझी खरी पंचाईत ऐका. या डब्याचं ना बिल, ना नीट कंपनीचं नाव. निव्वळ कंपन्यांच्या आकड्यांवरून इतिहास लिहिला, तर मंठ्यासमोर शून्य येतं आणि आपलं खेळणंच पुसलं जातं. म्हणून एक विनंती. माळ्यावर तो डबा सापडला तर भंगारात देऊ नका. मागच्या बाजूला काय छापलंय ते बघा, आणि तो कुठून, केवढ्याला घेतला ते घरातल्या मोठ्यांना विचारून मला कळवा.