ब्लड कॅन्सर परतला आणि डॉक्टर ‘ट्रायल’ म्हणाले, तर काय विचाराल?

केमोनंतर रिपोर्ट चांगले आले आणि काही महिन्यांनी आजार परतला, तर डॉक्टर त्याला ‘रिलॅप्स’ म्हणतात. औषधांना आजाराने दादच दिली नाही, तर ‘रिफ्रॅक्टरी’. रक्ताच्या आणि बोन मॅरोच्या कॅन्सरमध्ये अशा वेळी कधी कधी ट्रायलचा, म्हणजे नव्या उपचाराच्या चाचणीचा पर्याय पुढे येतो. घरात पहिला सवाल निघतो: आमच्या माणसावर प्रयोग करणार का?

सवाल रास्त आहे. म्हणून आधी ट्रायल कोणत्या टप्प्यातली ते विचारा. पहिल्या टप्प्यात मोजक्या पेशंटना औषध देऊन किती डोस सोसतो ते पाहतात; तिथे बरे होण्याची हमी कोणी देत असेल तर सावध व्हा. दुसऱ्या टप्प्यात गुण किती येतो ते तपासतात. तिसऱ्यात नव्या औषधाची तुलना चालू उपचाराशी होते.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने मिळून ‘नेक्सकार१९’ ही उपचारपद्धती तयार केली. पेशंटच्या रक्तातल्या टी-पेशी काढून, लॅबमध्ये बदलून परत देतात. त्याआधी काही दिवस केमो द्यावीच लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. चाचणीत ६४ पेशंट होते. ज्या ५१ जणांचा निकाल मोजता आला, त्यांपैकी ३७ जणांना, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला. पण उपचारामुळे दोन मृत्यूही झाले. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत. आणि ही पद्धत ठराविक बी-सेल ल्युकेमिया-लिम्फोमासाठी आहे, प्रत्येक ब्लड कॅन्सरसाठी नाही.

कायदा पेशंटच्या बाजूने बराच आहे, फक्त तो कोणी समजावून सांगत नाही. २०१९ च्या नियमांनुसार एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय ट्रायल सुरू होत नाही. संमतीपत्र पेशंटला समजेल अशा भाषेत हवे. अम्मींना वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार हवा. ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येते, त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी यादीत असायलाच हवी. ती इंटरनेटवर कोणीही फुकट पाहू शकतो. नोंदणी नंबर मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर सही करू नका.

पुणेकरांसाठी आणखी एक हिशेब. ट्रायल परळ किंवा खारघरला असेल तर औषध मोफत मिळाले तरी राहणे, प्रवास, वारंवार रक्ततपासणी हा खर्च कोणाचा, ते आधी लेखी घ्या. बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय चालू असेल तर सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी लांबवू नका. प्रत्येक भावंडाचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता साधारण चारात एक असते. केमोनंतर ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. त्यासाठी रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबर संमतीपत्राच्या प्रतीवर लिहून घ्या आणि ती प्रत घरीच ठेवा.