छोट्या उद्योगांचा हिशेब: तेरीज, टॅली आणि पुढे

मराठी मुलखातल्या पेढीचा हिशेब रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्यांवर उभा असे. दिवसभराचे व्यवहार आधी कच्च्या कीर्दीत टिपले जात. संध्याकाळी रोकड मोजून ते पक्क्या रोजकीर्दीत उतरत आणि तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावले जात. सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर मांडल्या की तेरीज तयार होई. तिच्या जमा आणि नावे या बाजू जुळल्या तर ठीक, नाहीतर पै-पैची चूक शोधत मुनीम रात्र काढी. वर्षाअखेर ताळेबंद होई. मराठी दुकानदार हे सारे मोडीत लिहीत, मारवाडी पेढ्या महाजनी लिपीत, गुजराती पेढ्या आपल्या वळणात. परक्याला वही सहजी वाचता येऊ नये, ही त्यातली सोय होती.

या वह्यांतून मालकाला एक गोष्ट अचूक कळे: कोणाकडे किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे आहे. कोणत्या मालात किती सुटले, हे मात्र क्वचितच कळे. भाडे, हमाली, व्याज, घसारा हे खर्च मालवार वाटण्याची रीत पेढीवर नव्हती; नफा वर्षाचा आणि एकत्र निघे. बाजाराची खबर आडत्याच्या पत्रातून, पुढे तारेतून येई. ती कुठल्याच खात्यावर चढत नसे. कोणते कूळ दिवाळीपूर्वी पैसे देते, कोणाला तगादा लावला की ते तुटते, कोणता वाण पावसाळ्यात पडून राहतो, हा सगळा हिशेब मालकाच्या आणि मुनिमाच्या डोक्यात असे. माल मोजका आणि गिऱ्हाईक ओळखीचे असेपर्यंत एवढ्याने भागले. मुनीम गेला की पेढी निम्मी आंधळी होई, हा या व्यवस्थेचा दोष होता.

वहीची शिस्त बदलली ती बहुतेक वेळा बाहेरच्या रेट्याने. 1860 मध्ये जेम्स विल्सनने हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला आणि वही परक्याला दाखवण्याची वेळ आली. तरीही व्यापाऱ्याचे हिशेबी वर्ष दीर्घकाळ दिवाळीलाच उलटत राहिले. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची आणि पाडव्याला पहिली नोंद करायची, हा नुसता धार्मिक विधी नव्हता. तो खरोखरीचा वर्षारंभ होता. 1989 पासून प्राप्तिकरासाठी सर्वांना 31 मार्चचे वर्ष सक्तीचे झाले आणि दिवाळीची वही पूजेपुरती उरली. त्याआधीच, 1984 च्या वित्त कायद्याने 40 लाखांहून अधिक उलाढालीच्या धंद्यांना सनदी लेखापालाकडून करलेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक केले होते. परिणामी अनेक छोट्या कारखान्यांत वहीचा खरा वाचक मालक राहिला नाही, तो लेखापाल झाला. मालकाला नफा कळे तो वर्ष संपल्यावर सहा महिन्यांनी, विवरणपत्र भरताना.

पश्चिमेत याच सुमारास ‘बिझनेस इंटेलिजन्स’ रूढ होत होते. हा शब्दप्रयोग 1865 मधल्या रिचर्ड डेव्हन्सच्या एका ग्रंथात आढळतो. तिथे तो हेन्री फर्नीस या सावकाराबद्दल आहे, ज्याने युद्धाच्या बातम्या इतरांआधी मिळवून पैसा केला. 1958 मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून याने त्याला यंत्राचा अर्थ दिला: कागदपत्रांचा गोषवारा आपोआप काढून तो योग्य माणसाकडे पोचवणारी व्यवस्था. 1989 मध्ये हॉवर्ड ड्रेसनरने तो आजच्या अर्थाने पुढे आणला. यांतले जवळजवळ सगळे बँकांसाठी आणि मोठ्या कंपन्यांसाठी होते. छोट्या धंद्याच्या हाती पहिल्यांदा काही पडले ते 1979 मध्ये, व्हिजीकॅल्क या स्प्रेडशीटच्या रूपाने. एक आकडा बदलला की बाकीचे आपसूक बदलतात, यातच कच्चा माल महागला तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर बसल्या जागी मिळू लागले.

भारतात दार उघडले ते 1984 च्या संगणक धोरणाने. आयात सुकर झाली आणि पर्सनल कॉम्प्युटर शहरांतल्या मध्यम धंद्यांच्या आवाक्यात येऊ लागला. श्यामसुंदर गोएंका यांची कंपनी गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवी. त्यांना पसंत पडेल असे हिशेबाचे सॉफ्टवेअर बाजारात मिळेना, तेव्हा गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे पुत्र भरत यांनी ते लिहिले. 1986 मध्ये बंगळुरूला कंपनी निघाली. त्या सॉफ्टवेअरचे पुढे टॅली झाले आणि 1999 मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. त्या काळच्या अनेक सॉफ्टवेअरांत प्रत्येक खात्याला आकडी संकेत असे आणि तो कारकुनाला पाठ करावा लागे. टॅलीत वहीप्रमाणेच खाते नावाने उघडे. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज या तिन्ही गोष्टी ओळखीच्या रूपात पडद्यावर दिसत. फरक एवढाच, की नोंद एकदाच करायची आणि खतावणी आपली आपण होई.

दोन गोष्टी मालकाच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने नव्या होत्या. ताळेबंदातल्या एखाद्या आकड्यावर एंटर दाबत गेले की आकडा खात्यापर्यंत, खात्यातून महिन्यापर्यंत आणि शेवटी त्या एका पावतीपर्यंत उतरता येई. मोठ्या कंपन्या ज्या सोयीसाठी लाखो रुपये मोजत, तिचेच हे देशी रूप होते. दुसरी म्हणजे येण्यांची मुदतवार यादी. तीस दिवसांवरचे, साठ दिवसांवरचे, नव्वद दिवसांवरचे येणे समोर आले की तगादा कोणाला लावायचा, हे मुनिमाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिले नाही. टॅलीच्या चोरट्या प्रतीही खूप फिरल्या आणि गल्लोगल्ली क्लास निघाले. वाणिज्य पदवीधराला मुलाखतीत ‘टॅली येतं का?’ हा प्रश्न ठरलेला झाला.

तरी बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग कर भरण्यापुरताच होत राहिला. माल आणि साठ्याचा भाग अनेकांनी वापरलाच नाही. 1 एप्रिल 2005 ला महाराष्ट्रात व्हॅट आला आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळवण्यासाठी प्रत्येक खरेदीचे बिल नोंदणे फायद्याचे ठरले. 1 जुलै 2017 पासूनच्या जीएसटीने तर विक्रेत्याची नोंद आणि खरेदीदाराची वजावट एकमेकांना बांधूनच टाकली. पुरवठादाराने बिल दाखवले नाही तर आपले पैसे अडकतात, हे कळल्यावर दुकानदार दर महिन्याला ताळा घालू लागले. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींहून मोठ्या उलाढालीपासून सुरू झाली आणि ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींपर्यंत खाली आली. माल, दर, गिऱ्हाईक, तारीख हा सगळा तपशील यंत्राला वाचता येईल असा साठत गेला. हे सरकारने वसुलीसाठी केले असले तरी विश्लेषणाला लागणारा कच्चा माल त्यातूनच तयार झाला.

औद्योगिक वसाहतींत दुसरा रेटा होता. 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमध्ये वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने उभे राहिले. मोठा खरेदीदार पुरवठादाराला वेळेवर माल, नापास भागांचे प्रमाण आणि दर यांवर गुण देतो. हे गुण राखायचे तर कोणत्या यंत्रावर, कोणत्या पाळीत माल बिघडतो, हे वर्कशॉपलाही माहीत असावे लागते. इथे विश्लेषण हौसेने आले नाही, ऑर्डर टिकवण्यासाठी आले. अनेक ठिकाणी ते एक्सेलच्या एका फाइलमध्येच चालते आणि ती फाइल फक्त एका माणसाला कळते. मुनिमाची जुनी अडचण वेगळ्या वेषात परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

2015 मध्ये मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय सर्वांसाठी खुले झाले. झोहोसारख्या भारतीय कंपन्यांनीही मासिक वर्गणीवर अशी साधने दिली. किमतीचा अडसर बऱ्याच अंशी गेला, पण खरा अडसर नोंदींचा होता आणि आहे. एकच बेअरिंग खरेदीत एका नावाने, विक्रीत दुसऱ्या आणि साठ्यात तिसऱ्या नावाने लिहिलेले असले, तर सुंदर आलेखही खोटेच सांगतो. ‘दोन नंबर’ची विक्री वहीत नसतेच, त्यामुळे तिथे आलेख अर्ध्या धंद्याचा निघतो. शिवाय नफ्याचा आकडा नोकरांना दिसू नये, असे अनेक मालकांना वाटते; महाजनी लिपीमागची भावना काही वेगळी नव्हती. ज्यांना फायदा झाला ते बहुधा एकाच प्रश्नापासून सुरू करणारे होते: पडून असलेला साठा किती, किंवा कोणते गिऱ्हाईक मोठे दिसते पण सवलती आणि उधारीचे व्याज धरता तोट्याचे आहे.

अलीकडचे बदल येण्या-देण्याच्याच खात्याभोवती आहेत. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांत देण्याची कमाल मर्यादा घातली होती, पण ती फारशी पाळली जात नसे. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 43बी(एच)ने सूक्ष्म व लघु उत्पादकांचे आणि सेवा देणाऱ्यांचे पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजा होऊ देण्याचे थांबवले. त्यामुळे कोणता पुरवठादार या वर्गात मोडतो आणि त्याचे बिल किती दिवसांचे झाले, हे हिशेबाच्या सॉफ्टवेअरने स्वतंत्र दाखवणे भाग पडले. बँका आणि वित्तसंस्था जीएसटीची विवरणपत्रे व खात्यांतली उलाढाल पाहून कर्ज देऊ लागल्या आहेत. 2021 मध्ये सुरू झालेल्या अकाउंट अॅग्रिगेटर व्यवस्थेत मालकाच्या संमतीने ही माहिती थेट कर्जदात्याकडे जाते आणि मालकाने स्वतः न वाचलेली खतावणी तो आधी वाचतो.