विज्ञानकथा-रसिकांचें पहिलें जागतिक संमेलन

इतिहास म्हटला म्हणजे राज्यें, लढाया आणि तह एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. विशीच्या आंतबाहेरच्या कांहीं पोरांनीं एक सभा भरविली आणि तिच्या दारांत आपल्याच सहा सोबत्यांस अडविलें, ही हकीकत इतिहासांत गणावी काय, असा प्रश्न कोणी आम्हांस करील. आमचें उत्तर होकारार्थी आहे. ही सभा १९३९ च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं भरली. तिच्या वंशांतील संमेलनें आजही जगांत भरत आहेत, आणि त्या दारांतील प्रसंगाचा वाद तर पुढें अनेक दशकें धुमसत राहिला.

मूळ शोधूं जातां तें एका मासिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरांत सांपडतें. लक्झेंबर्गहून अमेरिकेस गेलेले ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं एप्रिल १९२६ मध्यें ‘अमेझिंग स्टोरीज’ हें केवळ विज्ञानकथांस वाहिलेलें मासिक काढलें. त्यांतील बहुतेक कथांचा वाङ्मयीन कस बेताचाच होता. परंतु वाचकांचीं पत्रें त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापण्याची त्या मासिकाची चाल मात्र फार फलदायी ठरली. आपल्या गांवांत ज्याच्या वाचनाची टवाळी होई, अशा मुलास दूरच्या शहरीं आपल्यासारखाच एक वेडा नांदत आहे हें एकाएकीं कळूं लागलें. पत्रांतून ओळखी झाल्या, ओळखींतून मंडळें निघालीं, आणि मंडळांनीं घरच्या घरीं छापलेलीं चोपडीं एकमेकांस धाडलीं. मग एकमेकांचीं तोंडें पाहावीं हें ओघानेंच आलें. ३ जानेवारी १९३७ रोजीं इंग्लंडांतील लीड्स येथें मूठभर मंडळी जमली. तींत आर्थर क्लार्क हा तरुणही होता. अमेरिकन अभिमानी मात्र १९३६ सालीं फिलाडेल्फियास झालेल्या भेटीस पहिलेपणाचा मान देतात. हा तंटा आम्ही त्यांच्यावरच सोपवितों.

१९३९ सालीं न्यूयॉर्कला ‘उद्यांचें जग’ या कल्पनेवर उभारलेलें एक प्रचंड जागतिक प्रदर्शन चालू होतें. त्या निमित्तानेंच या पोरांनीं आपल्या सभेसही ‘जागतिक’ हें भारदस्त विशेषण जोडून टाकलें. सॅम मॉस्कोविट्झ, विल्यम सायकोरा आणि जेम्स टॉरासी हे तिघे तिचे चालक. मॉस्कोविट्झ यांस एकोणिसावें वर्ष पुरें होऊन दोनच दिवस झाले होते! २ ते ४ जुलै असे तीन दिवस मॅनहटनमधील कॅरव्हॅन हॉलमध्यें सुमारें दोनशें मंडळी जमली. सन्माननीय पाहुणे म्हणून कोणा लेखकास नव्हे, तर मासिकांचीं मुखपृष्ठें रंगविणारे चित्रकार फ्रँक पॉल यांस बोलाविलें होतें. आम्हांस ही निवड फार मार्मिक वाटते. कारण त्या वाचकांनीं भविष्यकाळ प्रथम पाहिला तो त्यांच्याच रंगांत. लॉस एंजेलिसहून फॉरेस्ट ॲकरमन व मर्टल डग्लस हीं दोघें आलीं तीं भविष्यकाळचे पोशाख अंगावर चढवून. हे पोशाख मर्टलबाईंनींच शिवले होते. आज जगभर अशा मेळाव्यांत सोंगें घेऊन मिरविण्याची जी हौस दिसते, तिची गंगोत्री हीच. रे ब्रॅडबरी हा अठरा वर्षांचा मुलगा ॲकरमनकडून प्रवासखर्च उसना घेऊन बसनें अख्खा देश ओलांडून आला होता. संपादक कॅम्बेल यांचें भाषण झालें, ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट दाखविण्यांत आला, मूळ चित्रांचा लिलाव झाला. खिसे रिकामे आणि डोळे भरलेले, असा तो मेळा होता.

आतां त्या दाराकडे वळूं. न्यूयॉर्कांतच ‘फ्यूचेरियन’ म्हणविणारें दुसरें एक मंडळ होतें. १९३७ मध्यें फिलाडेल्फियाच्या सभेंत जॉन मिशेल याचें एक भाषण डोनाल्ड वोल्हाइम यानें वाचून दाखविलें होतें. नुसत्या कथा वाचून भागणार नाहीं, जग बदलण्याच्या राजकीय कार्यास रसिकांनीं लागलें पाहिजे, असा त्याचा डावीकडे झुकलेला सूर होता. दुसऱ्या पक्षास हें मुळींच रुचलें नाहीं. शिवाय संमेलन भरविण्याचा हक्क कोणाचा, हीही चुरस होतीच. संमेलनाच्या पहिल्या दिवशीं फ्यूचेरियन मंडळी आली, त्याच वेळीं चालकांस रेडिएटरमागें दडविलेला पत्रकांचा एक गठ्ठा सांपडला. चालकांच्या हुकूमशाहीपासून सावध राहा, असा इशारा त्यांत होता. सभेंत गडबड करणार नाहीं असें वचन द्या, तर आंत या, अशी अट मॉस्कोविट्झ यांनीं घातली. वोल्हाइम, मिशेल, फ्रेडरिक पोल, रॉबर्ट लाउंड्स, सिरिल कॉर्नब्लुथ आणि जॅक गिलेस्पी हे सहा जण बाहेर राहिले. कॉर्नब्लुथचा त्या दिवशीं सोळावा वाढदिवस होता. त्याच मंडळाचा आयझॅक ॲसिमॉव्ह मात्र आंत गेला; त्यास कोणी अडविलें नाहीं.

खरी गंमत पुढेंच आहे. तें पत्रक या सहांपैकीं एकानेंही लिहिलें नव्हतें. तें डेव्हिड काइल या त्यांच्या सोबत्यानें कोणास न सांगतां छापलें होतें, आणि हे काइल महाशय सभागृहांत सुखेनैव बसले होते! बऱ्याच वर्षांनीं त्यांनीं स्वतःच हें लिहून टाकलें. विद्यार्थिमंडळांचे तंटे मिटविण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं आहेत. त्या अनुभवावरून चालकांची भीति अगदींच निराधार होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. फ्यूचेरियनांचा तोरा इतरांस खुपत असे, ही कबुली पोल यांच्या आत्मवृत्तांतच आहे. तथापि हुकूमशाहीच्या आरोपास दार लावून उत्तर देणें म्हणजे आरोप करणाऱ्याची बाजू आपणच मांडण्यासारखें होय. चालकांनीं तें पत्रक भर सभेंत मोठ्यानें वाचून दाखविलें असतें, तर दहा मिनिटांत हशा होऊन प्रकरण संपलें असतें असें आम्हांस वाटतें. पण एकोणिसाव्या वर्षीं हें कोणास सुचावें?

त्यानंतर दोन महिन्यांनीं यूरोपांत युद्ध पेटलें. शिकागो व डेन्व्हर येथें दोन संमेलनें झालीं. १९४२ पासून चार वर्षें मुळींच झालीं नाहींत. मॉस्कोविट्झ यांनीं या चळवळीचा इतिहास लिहिला. पण तो वादांतील एका पक्षाचा इतिहास आहे, हें वाचणारानें विसरूं नये. बाहेर राहिलेल्या सहांपैकीं कॉर्नब्लुथ १९५८ मध्यें चौतिसाव्या वर्षींच वारले. पोल नामांकित लेखक व संपादक झाले. वोल्हाइम यांनीं १९७१ मध्यें स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, आणि १९८८ च्या न्यू ऑर्लिन्स येथील जागतिक संमेलनांत ते सन्माननीय पाहुणे म्हणून व्यासपीठावर बसले. त्यापूर्वींच, १९५६ मध्यें, हें संमेलन दुसऱ्यांदा न्यूयॉर्कला भरलें होतें. त्याचे मुख्य चालक होते डेव्हिड काइल.