नवी दुर्बीण घेतली? फिल्टरच्या डबीआधी हे वाचा

पहिली दुर्बीण घरात आली की आठवड्याभरात ‘आता अजून काय घ्यायचं?’ हा प्रश्न येतोच. ऑनलाइन दुकानात सहा-सात रंगीत फिल्टरची डबी समोरच दिसते आणि बहुतेकांचे पैसे तिथेच जातात. खरं तर ती खरेदी सगळ्यात शेवटी यायला हवी. पण खरेदीच्याही आधी एक वस्तू टाकून द्यायची आहे.

काही स्वस्त आणि जुन्या दुर्बिणींच्या खोक्यात ‘सन’ असं लिहिलेली गडद काचेची चकती असते. ती नेत्रिकेच्या, म्हणजे आयपीसच्या बुडाशी फिरवून बसवायची असते. नेमक्या त्याच जागी दुर्बिणीने गोळा केलेलं सगळं ऊन एकवटतं. काच तापते आणि डोळा लावलेला असतानाच तडकू शकते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होतेय हेही लक्षात येत नाही. ही चकती फोडूनच केरात टाकावी. कपाटात ठेवली तर कधीतरी घरातलं एखादं पोर ती लावून बघणारच.

सूर्याचा फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकेल असा बसवतात. बाडर कंपनीची 5.0 घनतेची फिल्म लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. तिचीच 3.8 घनतेची फिल्मही मिळते, पण ती फक्त फोटोसाठी; घेताना आकडा वाचावा. प्रत्येक वेळी फिल्मला भोक पडलंय का ते पाहावं, वाऱ्याने निघू नये म्हणून चिकटपट्टी लावावी आणि बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवावं. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, यातलं काहीच चालत नाही. 26 डिसेंबर 2019 ला कासरगोडकडे कंकणाकृती ग्रहण होतं आणि बेळगाव-गोव्यात खंडग्रास. 2 ऑगस्ट 2027 चं ग्रहण भारतातून खंडग्रास दिसेल, तेही भर पावसाळ्यात; ढगांनी वाट दिली तर फिल्म हाताशी असलेली बरी.

आता खरेदी. 70 मिमी भिंगाच्या, 700 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘525 पट’ असं छापलेलं असतं. हिशेब खोटा नाही: 700 ला 4 मिमीच्या नेत्रिकेने भागलं की 175, आणि तिप्पट बार्लो लावला की 525. पण दिसतो तो नुसता धूसर गोळा. मिलिमीटरमधल्या भिंगाच्या व्यासाची दुप्पट, इथे 140 पट, ही कामाची मर्यादा. तीही हवा स्थिर असलेल्या रात्री. म्हणून 25 मिमीची एक नेत्रिका (28 पट), 10 मिमीची एक (70 पट) आणि बरा दुप्पट बार्लो एवढ्यावर बरीच वर्षं निघतात. शनीची कडी आणि गुरूचे चार चंद्र यात आरामात दिसतात. नेत्रिका सव्वा इंची नळीचीच घ्यावी, जुनी 0.965 इंची नळी असेल तर पर्याय फारच कमी.

चंद्राचा फिल्टर बऱ्याच जणांना हवासा वाटतो. पौर्णिमेचा चंद्र डोळे दिपवतो, पण इजा करत नाही. अंगणातला दिवा चालू ठेवला तरी निम्मं काम होतं. तरी घ्यायचाच तर प्रकाश कमी-जास्त करता येणारा पोलरायझर घ्यावा.

रंगीत फिल्टर छोट्या दुर्बिणीत उलटे नडतात. लाल 25 नंबरचा फिल्टर जेमतेम 14 टक्के प्रकाश सोडतो. 70 मिमीत मंगळ अंधारतोच. हलका पिवळा 8 नंबर किंवा गुरूच्या पट्ट्यांसाठी निळा 80ए, तोही दुर्बीण मोठी झाल्यावर. ‘शहरी उजेड कापणारे’ फिल्टर मुख्यतः सोडियम आणि मर्क्युरी दिव्यांसाठी बनले. आताच्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तिथे त्यांचं फारसं चालत नाही. यूएचसी फिल्टरने मृगातला तेजोमेघ उठून दिसतो, देवयानी दीर्घिका मात्र नाही. त्या पैशात शहराबाहेर अंधारात दोन-तीन फेऱ्या होतात, आणि फरक जास्त पडतो.

लाल कागद लावलेली बॅटरी आणि तिपाईखाली टांगायला वाळूची पिशवी, या दोन बिनखर्ची वस्तू हव्याच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा गोव्यातली असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी यांच्यासारख्या मंडळींच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या नेत्रिकेतून आधी डोकावून बघावं, मग पैसे काढावेत.

कोकण-गोव्यात आणि घाटमाथ्यावर काचेचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. जून ते सप्टेंबर नेत्रिका आणि फिल्टर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावेत. जेल ओलं झालं की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतं. दव पडलेली काच पुसू नये. पंख्याखाली आपोआप सुकू द्यावी, मगच झाकण लावावं.