पुसदचे गवत आणि चोरीचे कलम

भारतीय दंडसंहितेच्या 378 व्या कलमात चोरीची जी व्याख्या होती, तीस एक चमत्कारिक स्पष्टीकरण जोडलेले होते. जमिनीला चिकटलेली वस्तू चोरीचा विषय होत नाही. ती जमिनीपासून वेगळी होताच चोरीस पात्र ठरते. राखीव जंगलातील उभे गवत म्हणजे कोणीच चोरू शकत नव्हता. विळा फिरला की मात्र गुन्ह्याचे क्षेत्र सुरू होई. 1930 च्या पावसाळ्यात वऱ्हाड-मध्यप्रांतातील अनेक प्रतिष्ठित गृहस्थांनी हा विळा जाणूनबुजून हाती घेतला.

वऱ्हाडास समुद्र नाही. 6 एप्रिलला दांडी येथे मिठाचा कायदा मोडला गेल्यावर अकोला जिल्ह्यातील दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींवर काही काळ काम भागले. पाऊस लागताच तेही संपले. मे महिन्यात काँग्रेस कार्यकारिणीने जंगलकायदा मोडण्यास अनुमती दिली, आणि 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून आरंभ केला. त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात नागपूरचे डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळ सत्याग्रह केला. त्यांच्या नऊ महिन्यांच्या सक्तमजुरीपैकी तीन महिने 379 व्या कलमाखालचे, म्हणजे निखळ चोरीबद्दलचे होते.

अणे हे वकील आणि टिळकांचे अनुयायी. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी अस्तेयाच्या अपवादाची चर्चा करताना शांतिपर्वातील विश्वामित्राची कथा घेतली आहे: दुष्काळात क्षुधेने व्याकुळ झालेला ऋषी चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरतो. पुसदच्या कृत्याचे समर्थन या कथेने होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. विश्वामित्र चोरीला चोरीच म्हणतो, प्राणरक्षणाचे कारण पुढे करतो, आणि रात्री जातो. सत्याग्रही आगाऊ घोषणा करून दिवसाढवळ्या गेला. त्याला गवताची गरजही नव्हती. त्याचे म्हणणे असे की, मुळात हे गवत सरकारचे आहे हेच आम्हास मान्य नाही. पहिल्यात नियमाला अपवाद मागितलेला आहे, दुसऱ्यात मालकीचा वाद आहे. कायद्याला या भेदाशी कर्तव्य नव्हते, कारण त्याच्या लेखी अप्रामाणिकपणा लपविण्यात नसून गैरवाजवी लाभ वा हानी करण्याच्या हेतूत होता. 1918 साली खेडा येथे गांधीजींच्या सल्ल्याने जप्त शेतातील कांदा काढून नेणारे मोहनलाल पंड्या तुरुंगात गेले, ते याच भूमिकेवर. लोकांनी त्यांना ‘डुंगळीचोर’ ही पदवीच दिली!

परंतु येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. रानालगतच्या गावचा गोंड किंवा कोरकू, ज्याच्या बैलांना खरोखरच चारा हवा होता, तो राखीव जंगलांची हद्द आखली गेल्यापासून गुपचूप गवत आणीत असे. घोषणा करणे त्याला परवडणारे नव्हते. विश्वामित्राची कथा खऱ्या अर्थाने लागू पडते ती त्याला. जुलैच्या सत्याग्रहाने त्याच्या जुन्या, लाजिरवाण्या मानल्या गेलेल्या कृत्याला एकदम प्रतिष्ठा दिली, आणि तोही उघडपणे पुढे आला. मात्र दोघांना मोजावी लागलेली किंमत सारखी नव्हती. पुढाऱ्यांच्या वाट्यास महिन्यांच्या शिक्षा आल्या. नागपूरहून कारभार चालणाऱ्या याच प्रांतात, शिवनीकडील तुरिया गावी, 9 ऑक्टोबर 1930 रोजी गवत कापण्यासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार माणसे मेली. त्यांत तीन स्त्रिया होत्या.